तोंडावर सुई, तोंडाला कुलूप

शिरूर आणि दौंड तालुक्यांत रेशनच्या तांदळाचा हिशेब मागता येतो, पाण्याच्या आवर्तनाचा मागता येतो, उसाच्या काट्याचा तर मागावाच लागतो. पण माणसाच्या चेहऱ्यात सुई कोण खुपसतो, कोणत्या अधिकाराने, कोणत्या बाटलीतून, हे विचारून पाहा. आरोग्य खाते म्हणेल, अन्न व औषध प्रशासनाला विचारा. प्रशासन म्हणेल, मेडिकल कौन्सिलला विचारा. नगरपरिषद म्हणेल, आमच्याकडे फक्त दुकानाची पाटी येते. आणि इकडे तुळशीचे लग्न उरकले की नवरीचे पॅकेज, वरमाईचे पॅकेज, 'दोघींना मिळून सवलत' अशा जाहिराती मोबाइलवर धडकू लागतात. बोटॉक्स, फिलर, थ्रेड लिफ्ट, ग्लो ड्रिप! भाजीच्या जुडीसारखा चेहऱ्याचा भाव फुटतो आणि ज्यांनी हात धरायचा ते हाताची घडी घालून उभे राहतात.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे उद्या कोणी आमच्यावर संस्कृतिरक्षकाचा शिक्का मारायला नको. सज्ञान माणसाला सुरकुत्या नकोशा झाल्या, पदरचे पैसे घालून त्याने लायक सर्जनकडून चेहरा ताणून घेतला, डोळ्यांखालच्या पिशव्या काढून घेतल्या, तर त्यात नाक खुपसायचा आम्हाला काडीचा अधिकार नाही. चौफुल्याच्या कलाकेंद्रात घुंगरू बांधणाऱ्या बाईचा चेहरा उतरला की तिची कमाई उतरते. तिला वैराग्याचे धडे द्यायला निघालेल्याने आधी तिच्या घराचे भाडे भरावे. आमचा राग आहे तो दोन दिवसांच्या शिबिरातून प्रमाणपत्र आणून, ते काचेत मढवून, माणसाच्या रक्तवाहिन्यांत हात घालणाऱ्यांवर. आणि त्यांच्याहून जास्त, त्यांच्याकडे काणाडोळा करणाऱ्या पगारी माणसांवर.

चेहरा घडवण्याची केवढी मोठी विद्या आणि तिचे काय मातेरे केले आहे! टिपूविरुद्धच्या 1792 च्या लढाईत इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गाडीवान कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात छाटण्यात आला. वर्षभर तो नाकाविना हिंडला. मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने मेणाचा पातळ पत्रा त्याच्या नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली, दोन भुवयांमधला सांधा तेवढा राखला आणि ती पिळून खाली आणून नाक उभे केले. वर कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या! मुंबईचे क्रूसो आणि फिंडले हे इंग्रज डॉक्टर अशा शस्त्रक्रियेचे साक्षी होते. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'ने ही हकीकत छापली आणि वीस वर्षांनी जोसेफ कार्प्यू या सर्जनने तिथे तीच रीत चालवली. कोणी म्हणेल, त्या कारागिराकडे तरी कुठे पदवी होती? नव्हती. पिढ्यान् पिढ्या मुरलेला हात होता, आणि तो हात ज्याचे नाक गेले त्यालाच लागत होता. धडधाकट नाकाला सवलतीत सुई टोचत फिरत नव्हता. पुढे जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंटियांनी कुष्ठरोग्यांची बसलेली नाके उभी केली, ती याच परंपरेत.

आता आजचा माल पाहा. बोटॉक्सच्या शंभर युनिटांच्या बाटलीत जवळजवळ काहीच दिसत नाही. तळाशी कोरडा, जेमतेम नजरेला येईल असा थर. जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी हे एक. सलाइन घालून ते पातळ करायचे, 2 ते 8 अंशांत ठेवायचे, कंपनीच्या सूचनेप्रमाणे 24 तासांत संपवायचे. मज्जातंतूकडून स्नायूला येणारा निरोप ते अडवते, स्नायू ढिला पडतो, आठी मोडते. तीन-चार महिन्यांनी आठी परत, गिऱ्हाईक परत. भुवयांमधल्या आठ्यांना वीस युनिटे धरली तर एका बाटलीत पाच कपाळे. आज एकच कपाळ आले, तर उरलेली ऐंशी युनिटे कोण मोरीत ओतणार? भारनियमनात फ्रीज किती तास बंद होता, याची वही कोण ठेवणार? निम्म्या दरात मिळणारे बोटॉक्स निम्म्या दरात का मिळते, हे विचारा: एक तर सलाइन जास्त, नाही तर माल शिळा, नाही तर मालच बनावट.

फिलरची, म्हणजे चेहरा भरण्यासाठी टोचायच्या जेलची, गोष्ट याहून भयंकर. नाकाच्या आणि भुवयांच्या आसपासच्या धमन्यांचा डोळ्याच्या धमनीशी संबंध असतो. सुई चुकून धमनीत गेली, जेल दाबाने उलटे सरकले की डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा तुटतो. तास-दीड तासात तो पडदा मरतो. हायलुरोनिक आम्लाचे फिलर विरघळवणारे इंजेक्शन आहे, पण ते त्या खोलीत हवे, ते कुठे आणि किती द्यायचे हे कळणारा माणूस हवा, आणि लागलीच नेत्रतज्ज्ञ हवा. शिरूरहून पुणे सत्तर किलोमीटरच्या आसपास, आणि वाटेत वाघोलीची कोंडी! दौंडहून निघालात तर यवत, उरुळी, लोणी करत हडपसरच्या सिग्नलवर उभे राहा. पोहोचेपर्यंत डोळा कायमचा गेलेला. त्या खोलीत बसून 'काही होत नाही हो ताई, थोडंसं झोंबेल' म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो अडाणी, ठाऊक असेल तर गुन्हेगार.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये परवाना नसलेल्या एका स्पामध्ये रक्त काढून तेच चेहऱ्यात टोचण्याचा उद्योग चालत असे. तिथल्या गिऱ्हाइकांना एचआयव्हीची लागण झाली. मालकीण तुरुंगात गेली. तेवढे लांब कशाला? 2023 मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडल्याचे उघड झाले. मुंबईच्या केईएममध्ये शोध लागला तो ब्युटीशियनकडून घेतलेल्या गोरेपणाच्या क्रीमचा. त्यात पारा होता! मेडिकलवर सहज मागून आणलेल्या स्टिरॉइडच्या ट्यूबेने लालबुंद झालेले, केस उगवलेले चेहरे त्वचारोगतज्ज्ञ रोज पाहतात. 2018 साली केंद्राने अशी 14 मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ती मनाई कागदावर ठणठणीत आहे! गोरे करण्यासाठी ग्लुटाथायोनचे सलाइन लावायला देशाच्या औषध नियंत्रकांची मंजुरीच नाही. तरी 'ड्रिप'चे रील सुखेनैव फिरतात.

कायदा नाही म्हणावे, तर 1961 चा महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी कायदा आहे. नोंदणी नसताना डॉक्टरकी करणाऱ्याला तो तुरुंग दाखवतो. बोगस डॉक्टर शोध समित्या आहेत. औषध निरीक्षक आहेत. दवाखान्यांच्या नोंदणीचा 2010 चा केंद्रीय कायदा मात्र महाराष्ट्राने आजतागायत स्वीकारलेला नाही; 1949 च्या नर्सिंग होम कायद्यावर गाडा चालला आहे, आणि खाट नाही, फक्त तिरपी खुर्ची आहे अशी खोली त्याच्या फटीतून अलगद निसटते. मंत्रालयाला हे कळत नाही असे समजायला आम्ही दुधखुळे नाही. सुईच्या मागे पैसा आहे, आणि पैशाच्या मागे कोण आहे ते शोधायची कोणाला घाई नाही.

आणि घरातल्या शहाण्यांनो, तुम्हीही सुटत नाही. दौंड तालुक्यातच केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभारले. तो काळ असा, की विधवेचे केशवपन करून तिचे रूप घालवणे हा धर्म मानला जाई. आज तीच समाजनीती मुलगी 'उजळ' हवी म्हणून स्थळ परत पाठवते आणि कांद्याच्या, उसाच्या उन्हात राबून रापलेल्या सुनेला 'जरा पार्लरला जाऊन ये' म्हणते. चेहरा तिचा, हुकूम सासरचा! मुलीच्या चेहऱ्यावर बोट ठेवून हुंड्याचा आकडा ठरवणाऱ्यांनी सुईवाल्याला शिव्या देऊ नयेत. त्याला गिऱ्हाईक यांनीच मिळवून दिले.

आमची मागणी रोकडी आहे. या लग्नसराईच्या आत दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक पार्लर, स्किन क्लिनिक आणि ॲस्थेटिक सेंटरची तपासणी करा. चेहऱ्याला सुई कोण लावतो, त्याचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, बाटल्यांची बिले कुठे आहेत, फ्रीजची नोंद कुठे आहे, हे पाहा. कायद्याने ज्यांना परवानगी आहे त्यांची नावे दोन्ही नगरपरिषदांच्या फलकावर लावा, उरलेल्यांच्या दारांना सील ठोका. हे जमत नसेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी तसे लेखी द्यावे. आम्ही ते पहिल्या पानावर, त्यांच्या सहीसकट छापू.