उपकेंद्रातली सिस्टर बीपीची गोळी देऊ शकते, मग चिठ्ठी का लिहू शकत नाही?

लोणंदच्या आसपासचं एखादं गाव डोळ्यासमोर आणा. साठीतल्या एक आजी आरोग्य उपकेंद्रात येतात. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे गावच्या भाषेत ‘सिस्टर’, बीपी तपासतात, नोंद करतात आणि महिन्याभराच्या गोळ्या हातात देतात. पुढच्या महिन्यात साठा संपलेला असतो. आजी म्हणतात, “मग चिठ्ठी द्या की बाई, लोणंदच्या मेडिकलमधून आणायला सांगते पोराला.” नर्सिंग शिकलेल्या सिस्टर ती चिठ्ठी देऊ शकत नाहीत.

सिस्टर त्याच, गोळीही तीच. मग अडतंय कुठं?

देणं वेगळं, लिहून देणं वेगळं

आपल्याकडे औषधांच्या विक्रीवर १९४० चा औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा आणि १९४५ चे नियम लागू आहेत. बीपीसाठी सर्रास दिली जाणारी ॲम्लोडिपिन ही ‘शेड्यूल एच’मधली गोळी आहे. म्हणजे मेडिकलवाल्यानं ती नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची. नर्स या व्याख्येत बसत नाही.

मग उपकेंद्रात गोळी मिळते कशी? याच नियमांच्या ‘शेड्यूल के’मध्ये काही सवलती आहेत. सरकारी आरोग्य कार्यक्रमातली औषधं उपकेंद्रातले कर्मचारी, नर्स, एएनएम, अगदी अंगणवाडी सेविकाही वाटू शकतात. त्यासाठी विक्रीचा परवाना लागत नाही. पण ही सवलत औषध हातात देण्यापुरती आहे. कुणाला कुठली गोळी सुरू करायची, हे ठरवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

देखरेख म्हणजे नक्की काय?

२०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेतून उपकेंद्रांचं रूपांतर ‘हेल्थ अँड वेलनेस सेंटर’मध्ये सुरू झालं. २०२३ पासून त्यांचं नाव आयुष्मान आरोग्य मंदिर आहे. समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, हे पद त्यातूनच आलं. नर्सिंग किंवा आयुर्वेदाची पात्रता असलेल्यांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन इथं नेमलं जातं.

या योजनेत कामाची विभागणी साधारण अशी आहे: बीपी, शुगरचे रुग्ण सीएचओनं शोधायचे. निदान पक्कं करून औषध सुरू करायचं ते प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं. पुढं दर महिन्याला तीच गोळी देत राहायची, बीपी बघत राहायचं आणि गडबड वाटली तर वर पाठवायचं, हे पुन्हा सीएचओचं काम.

कागदावर हे नीट आहे. पण सपाटीच्या भागात निकषानुसार ५,००० लोकसंख्येमागं एक उपकेंद्र आणि ३०,००० मागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. म्हणजे एका केंद्रातल्या डॉक्टरांवर साधारण सहा उपकेंद्रांची जबाबदारी. त्यात डॉक्टर ओपीडीत, मीटिंगला किंवा रजेवर असले, तर देखरेख कागदावरच राहते.

यावरचा एक उपाय म्हणजे ‘ई-संजीवनी’. सीएचओ व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना गाठते, रुग्ण शेजारी बसलेला असतो आणि चिठ्ठी डॉक्टर देतात. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी अशा चिठ्ठीला मान्यता दिली आहे. अट एवढीच, की चिठ्ठीची जबाबदारी डॉक्टरांची.

२०१९ च्या कायद्यानं काय बदललं?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा ऑगस्ट २०१९ मध्ये झाला. त्याचं कलम ३२ ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ला मर्यादित परवाना देण्याबद्दल आहे. असा परवानाधारक प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक उपचारांत ठरावीक औषधं स्वतंत्रपणे लिहू शकतो. त्यापलीकडे मात्र नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

याच कलमावरून इंडियन मेडिकल असोसिएशननं ३१ जुलै २०१९ ला देशभर बंद पुकारला होता. यानं भोंदूगिरीला कायद्याचा शिक्का मिळेल, असा डॉक्टरांचा आक्षेप होता.

पण पात्रता काय, औषधं कुठली, अधिकार किती आणि किती काळासाठी, हे सगळं कलमानं पुढच्या नियमांवर सोडलं आहे. वाद झाला तो कलमावर. आजींना चिठ्ठी मिळणार की नाही, हे मात्र या तपशिलांवर ठरतं.

राज्य सरकारं आपापल्या पातळीवर वेगळा कायदा करू शकतात का? आसामनं २००४ मध्ये तसा प्रयत्न केला. तीन वर्षांचा डिप्लोमा आणि ग्रामीण भागापुरता उपचारांचा अधिकार, अशी ती योजना होती. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये तो कायदा राज्याच्या अधिकाराबाहेरचा ठरवला.

एकच खुर्ची, दोन नियम

महाराष्ट्रात आणखी एक पेच आहे. इथं सीएचओच्या खुर्चीत काही ठिकाणी बीएएमएस डॉक्टर असतात, काही ठिकाणी नर्सिंग शिकलेल्या सिस्टर. राज्याच्या १९९२ च्या आदेशानुसार नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांना प्रशिक्षणाच्या मर्यादेत ॲलोपॅथीची औषधं वापरता येतात. नर्सना तशी मुभा नाही. म्हणजे पद तेच, प्रशिक्षण तेच, पण चिठ्ठीचा अधिकार मूळ पदवीवर ठरतो.

होमिओपॅथीचा वाद याहून वेगळा. तिथं एक वर्षाचा फार्माकॉलॉजीचा कोर्स केलेल्यांना ॲलोपॅथी लिहिण्याचा अधिकार देण्याचा मुद्दा आहे. २०१४ मध्ये राज्यानं कायदा बदलला आणि २०२५ मध्ये नोंदणीवरून डॉक्टर संपावर गेले. तो वाद स्वतंत्र प्रॅक्टिसचा आहे, उपकेंद्राचा प्रश्न देखरेखीचा.

डॉक्टर नसताना औषध दिलं तर धोका नाही?

धोका आहेच. ॲन्टिबायोटिक उगाच दिलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. बीपीच्या मुळाशी किडनीचा आजार असेल तर तो नजरेतून निसटू शकतो.

पण महाराष्ट्रातच दुसरी बाजूही दिसली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर उपचार करायला शिकवलं. यात ॲन्टिबायोटिकचं इंजेक्शनही होतं. ४७ गावांशी तुलना केल्यावर नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. तिथं लक्षणं ठरलेली होती, डोस ठरलेला होता आणि प्रत्येक केसची नोंद तपासली जात होती.

२०१४ मध्ये केंद्रानंही एएनएमना ठरावीक परिस्थितीत बाळांना जेन्टामायसिन द्यायची परवानगी दिली. ब्रिटननं तर २००६ पासून खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना जवळपास सगळी औषधं स्वतंत्रपणे लिहायला मुभा दिली आहे. अमेरिकेत मात्र हा नियम राज्यागणिक बदलतो. काही राज्यांत डॉक्टरशी करार लागतो, काहींत लागत नाही.

मग आजींनी काय करायचं?

आज तरी तीन गोष्टी हातात आहेत. डॉक्टरांनी गोळी सुरू केली तेव्हाची चिठ्ठी जपून ठेवायची. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी उपकेंद्रात विचारायचं. साठा नसेल तर सिस्टरना ई-संजीवनीवर डॉक्टरांना गाठायला सांगायचं.

बाकीचं सरकारच्या हातात आहे. कुठली औषधं, कुठल्या डोसमध्ये, कुठल्या लक्षणाला लगेच वर पाठवायचं, फोनवर कोण डॉक्टर उत्तर देणार आणि चूक झाली तर जबाबदार कोण, हे एका कागदावर स्पष्ट हवं. तोवर एका चिठ्ठीसाठी आजींना एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. आणि मजुरी बुडवायची नसेल, तर बीपीची गोळी बुडते.