बाईक स्वस्त झाली, पण ऑइल कोणतं टाकताय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आमच्या दोडामार्गातून रोज गोव्यात कामाला जाणाऱ्या पोरांसाठी ही मोठीच बातमी. इंजिन ऑइलवर मात्र आधीही १८ टक्के होते, आताही १८च. त्यामुळे फ्री सर्व्हिसिंग संपलं की मोबाईलवर 'स्वस्तात फुल सिंथेटिक' शोधणं सुरू होतं.

मीही तेच केलं होतं. ऑफरमधलं ऑइल मागवलं, ग्रेड जुळत होता, घरीच बदललं. पुढे तिलारी घाट चढताना आरपीएम वाढतोय, इंजिन ओरडतंय, पण गाडी काही वेग घेईना. गॅरेजवाल्या काकांनी डबा बघितला. "अरे, ह्यां चारचाकीचां तेल. तुझो क्लच तेलातच बुडलेलो असता मां!" इंजिनिअरिंगची डिग्री घरी भिंतीवर आहे, ती तेव्हा आठवली.

इंजिनची ताकद क्रँकशाफ्टकडून क्लचपर्यंत नेणारे गिअर म्हणजे प्रायमरी ड्राइव्ह. (मागच्या चाकाची चेन वेगळी, तिचा स्प्रेही वेगळा.) आपल्या बहुतेक बाईकमध्ये इंजिन, प्रायमरी ड्राइव्ह, क्लच आणि गिअरबॉक्स असे सगळे एकाच तेलावर चालतात. गिअरचे दात हे तेल सतत चिरडत असतात, त्याने ते हळूहळू पातळ होतं. कारमध्ये गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं, त्यामुळे तिच्या इंजिन ऑइलला हा मार नाही. वर मायलेज वाढावं म्हणून कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. इंजिनला ती बरी, पण क्लचच्या प्लेट्स घर्षणावरच पकडतात ना! मग त्या घसरतात.

यासाठी जपानचं 'जासो' मानक आहे. ओल्या क्लचच्या गाडीला एमए, त्यातही एमए२ म्हणजे जास्त पकड देणारं. एमबी हे कमी घर्षणाचं, ऑटोमॅटिक स्कूटरसाठी, कारण तिथे क्लच कोरडा असतो. खरा घोळ इथेच होतो. घरात ॲक्टिवा आणि स्प्लेंडर दोन्ही असतील तर दोन्हींचा ग्रेड १०डब्ल्यू-३०च. पण ॲक्टिवाचं ऑइल एमबी, स्प्लेंडरचं एमए. स्कूटरचं उरलेलं ऑइल बाईकमध्ये ओतलं की झालं! ग्रेड फक्त तेल किती पातळ-घट्ट ते सांगतो, क्लचबद्दल काहीच नाही. आणि शॉपिंग ॲपवर नावात ग्रेड ठळक असतो, जासो मात्र डब्याच्या मागच्या बाजूच्या फोटोत बारीक अक्षरांत. तो फोटो झूम करा. तिथे जासो दिसलंच नाही तर बाईकसाठी घेऊ नका, कितीही सूट असो. ग्रेड कोणता हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, कंपनीच्या साइटवर बहुतेक वेळा पीडीएफ मिळते.

जुन्या, ओतीव लोखंडी इंजिनच्या बुलेटवाल्यांचं प्रकरण निराळं. तिथे प्रायमरी चेन आणि क्लच वेगळ्या पेटीत, तेलही वेगळं. इंजिनचं तेल बदललं म्हणजे त्या पेटीतलं बदललं, असं होत नाही. तिची लेव्हल स्वतंत्र तपासावी लागते.

माझ्या बाईकचं काय? चुकीचं तेल काढून एमए२ भरलं, थोडे दिवस चालवून पुन्हा एकदा बदललं, कारण जुनं तेल प्लेट्समध्ये मुरलेलं असतं. तरी चढावर घसरत होतीच. शेवटी काकांनी प्लेट्सच बदलल्या.