शेजाऱ्याचा हक्क आणि कायद्याची मुदत

चिकलठाण्यात एमआयडीसीच्या अंगाने वस्ती वाढली तसे घराला घर लागले. कुणाच्या गच्चीची पन्हाळ शेजाऱ्याच्या भिंतीवर सुटते, कुणाच्या मोरीचे पाणी दुसऱ्याच्या ओट्याशी तुंबते, कुठे घराखालच्या गाळ्यात रात्री उशिरापर्यंत ग्राइंडर चालतो. आपण वर्षानुवर्षे सोसतो. मग एक दिवस दावा लागतो. खालच्या कोर्टात हरलेला शेजारी अपिलात म्हणतो, "हा दावा मुळात मुदतीतच नव्हता." इतक्या उशिरा असे म्हणता येते का?

काही वेळा येते. 1963 च्या मुदत कायद्याचे कलम 3 सांगते की, प्रतिवादीने कैफियतीत हा मुद्दा काढला नसला तरी मुदत उलटून आलेला दावा कोर्टाने फेटाळलाच पाहिजे. गोव्यातील मार्मागोवा बंदराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2005 साली हेच बजावले. म्हणजे दाव्याच्या कागदावरूनच उशीर उघड दिसत असेल, तर मुद्दा अपिलातही निघू शकतो.

पण त्रास कधी सुरू झाला, मध्ये थांबला होता का, याबद्दल वाद असेल तर साक्षीपुरावा लागतो. तो खालच्या कोर्टात झालेला नसेल, तर अपील कोर्ट असा नवा मुद्दा सहसा ऐकत नाही. म्हणून ज्याला मुदतीचा बचाव घ्यायचा आहे त्याने तो पहिल्या कैफियतीतच मांडावा.

शेजारच्या त्रासात आणखी एक गोष्ट आहे. त्याच कायद्याच्या कलम 22 प्रमाणे चुकीचे कृत्य चालूच असेल, तर मुदत क्षणोक्षणी नव्याने सुरू होते. 1880 साली राजरूप कुंवर विरुद्ध अबुल हुसैन या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने पाटाचे पाणी अडवणे हा असाच चालू उपद्रव मानला. रोज रात्री चालणारा ग्राइंडरही त्याच जातीचा.

उलट बाजू आळंदीच्या खटल्यात दिसते. ज्ञानेश्वर महाराज संस्थानाने गुरवांना पूजेच्या वंशपरंपरागत कामावरून दूर केले. 1959 साली सुप्रीम कोर्ट म्हणाले की, दूर केले तेव्हाच अन्याय पूर्ण झाला. त्याचे नुकसान पुढे भोगावे लागले म्हणून अन्याय चालू आहे असे होत नाही. गुरवांचा दावा मुदतबाह्य ठरला. शेजाऱ्याच्या खोदकामाने आपली भिंत एकदाच तडकली असेल, तर तडा रोज दिसतो म्हणून मुदत रोज नवी होत नाही. अशा भरपाईला साधारण तीनच वर्षे मिळतात.

गप्प राहण्याची किंमतही असते. पन्हाळीचे पाणी कुणी वीस वर्षे उघडपणे, विनाअडथळा, हक्क म्हणून सोडत आला, तर त्याला वहिवाटीचा हक्क मिळू शकतो. परवानगीने सोडले असेल तर मिळत नाही. म्हणून आमचे सांगणे असे: त्रास सुरू झाल्याची तारीख वहीत लिहा, फोटो ठेवा, सवलत दिली असेल तर दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या. अपिलाचीही मुदत असते, जिल्हा न्यायालयात 30 दिवस आणि हायकोर्टात 90 दिवस. योग्य कारण असेल तर अपिलाचा उशीर माफ होऊ शकतो. दाव्याला ती सवलत नाही.

आता ज्याच्याकडून त्रास होतो त्याच्याशी दोन शब्द. 1869 ते 1876 या काळात उस्मानी राज्यात हनफी फिक्हवर तयार झालेल्या 'मजल्ला'त बहुतेक दाव्यांना पंधरा वर्षांची मुदत आहे; पण काळ लोटल्याने हक्क बुडत नाही, असेही त्यातच नमूद आहे. काझी दावा ऐकणार नाही, एवढाच मुदतीचा अर्थ. सूरह निसाच्या 36 व्या आयतीत जवळच्या आणि दूरच्या, दोन्ही शेजाऱ्यांशी भले वागण्याचा हुकूम आहे, आणि त्याला वर्षांची अट नाही. मुदतीच्या जोरावर अपील जिंकले तरी पन्हाळ शेजाऱ्याच्या भिंतीवरच गळत असेल, तर ती वळवून घेणे आपल्यावर बाकी राहते. पाइपाचा एक तुकडा आणि प्लंबरची अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढ्याने ते काम होते. अल्लाह आपल्या सर्वांना शेजाऱ्याचा हक्क अदा करण्याची तौफीक देवो.