सेवेला अट नको

अमेरिकेत उन्हाळ्याची सुटी लागली की अनेक चर्चमधून तरुण-तरुणींचे गट परदेशी निघतात. हैती, मेक्सिको, ग्वाटेमाला, केनिया अशा देशांत जाऊन आठ-दहा दिवस मुलांची शिबिरे घ्यायची, असा हा उपक्रम असतो. खेळ, गाणी, हस्तकला, बायबलमधील कथा, जेवण आणि जमल्यास एखाद्या शाळेच्या भिंतींना रंग. प्रवासखर्चासाठी हे स्वयंसेवक आप्तेष्टांकडून निधी गोळा करतात, सुटीतील सुखसोयी बाजूला ठेवतात. त्यांच्या मनातील कळवळ्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मुलांची सुटी दूरचित्रवाणीपुढे जाते, म्हणून हळहळणाऱ्या आपल्या घरांनी त्यापासून काही शिकावे, असेच ते आहे. परंतु कळवळा शुद्ध असला म्हणजे कार्यही निर्दोष ठरते, असे मात्र नव्हे.

हे खडे बोल चर्चच्याच एका धर्मगुरूने सुनावलेले आहेत. १९६८ मध्ये मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे अमेरिकी विद्यार्थी-स्वयंसेवकांपुढे बोलताना इव्हान इलिच यांनी, उपकार करण्यासाठी येथे येऊ नका, पाहण्यासाठी आणि शिकण्यासाठी खुशाल या, असे स्पष्ट बजावले होते. पुढे २००९ मध्ये स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट या ख्रिस्ती लेखकांनी ‘व्हेन हेल्पिंग हर्ट्स’ या पुस्तकातून, बाहेरून आलेली मदत स्थानिकांचा आत्मविश्वास कसा खच्ची करते, याची चिकित्सा केली. म्हणजे आक्षेप केवळ परधर्मीयांचा आहे, असे म्हणण्याची सोय नाही.

उतावीळ परोपकार कोठवर जातो, हे हैतीत दिसले. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर त्याच महिन्याच्या अखेरीस दहा अमेरिकी बॅप्टिस्ट स्वयंसेवकांना ३३ मुलांसह डॉमिनिकन रिपब्लिकच्या सीमेवर अडवण्यात आले. मुलांना देशाबाहेर नेण्याची रीतसर कागदपत्रे त्यांच्यापाशी नव्हती. अनाथ म्हणून नेल्या जाणाऱ्या या मुलांपैकी बहुतेकांचे आई किंवा वडील जिवंत होते. लेकराला शिक्षण मिळेल, पोटभर अन्न मिळेल, या आशेने त्यांनी ती स्वाधीन केली होती. अपहरणाचे आरोप पुढे टिकले नाहीत. गटाच्या प्रमुख महिलेला बेकायदा प्रवासाची व्यवस्था केल्याबद्दल दोषी ठरवण्यात आले. दुष्ट हेतू सिद्ध झाला नाही, हे खरेच. पण दारिद्र्याने गांजलेल्या आईचा होकार हा खरोखर होकार असतो काय?

प्रश्न येथेच खोल जातो. ‘१०/४० खिडकी’ ही संज्ञा रूढ करणारे लुईस बुश यांनी २००९ पासून ‘४/१४ खिडकी’ची मोहीम हाती घेतली. चार ते चौदा या वयात रुजलेली श्रद्धा सहसा आयुष्यभर टिकते, म्हणून धर्मप्रसाराने या वयाकडे लक्ष द्यावे, असा तिचा रोख आहे. प्रौढ माणसाने विचारपूर्वक कोणतीही श्रद्धा स्वीकारावी. तो त्याचा अधिकार आहे. परंतु सात वर्षांचे भुकेले पोर खाऊ, खेळणे आणि कथा यांतील भेद कसा करणार? बालहक्कांविषयीच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे १४ वे कलम मुलाचे धर्मस्वातंत्र्य मान्य करते आणि त्याबाबत मार्गदर्शन करण्याचा पालकांचा अधिकारही मान्य करते. अमेरिकेने या करारावर १९९५ मध्ये स्वाक्षरी केली. अनुमोदन मात्र आजतागायत दिलेले नाही.

तेव्हा अशा शिबिराला निघालेल्या कोणाही तरुणाने स्वतःला विचारावे. कथा वगळली, तर जेवण तेवढ्याच प्रेमाने वाढले जाईल काय? शिबिरात काय शिकवले जाते, हे आईबापांना त्यांच्या भाषेत सांगितले आहे काय? आणि आपले विमान उडाल्यावर अकराव्या दिवशी त्या मुलापाशी कोण असेल?

हेच प्रश्न आपल्या वसतिगृहांना आणि संस्कारवर्गांनाही लागू आहेत, हे विसरून चालणार नाही. दुसऱ्याच्या सेवेला लावलेली कसोटी स्वतःच्या सेवेला लावण्याचे धैर्य नसेल, तर ती टीका निव्वळ मत्सर ठरते. गावात वर्षानुवर्षे राहून, लेकराला त्याच्या आईपासून आणि मातीपासून न तोडता, बदल्यात काहीही न मागता जे कार्य चालते, तीच सेवा. बाकी सारा व्यवहार होय, मग तो कोणत्याही देवाच्या नावाने चालो.