पार्ट नवा, बिघाड तोच

वैशाखातली दुपार. वडोदऱ्याच्या रस्त्यावरून एक मोटार चारही काचा खाली करून चाललेली. मागच्या सीटवर बहात्तर वर्षांचे अप्पा मानेवर ओला रुमाल ठेवून बसलेले. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी न्यावे लागते. गाडी घेतली ती मुख्यतः त्यांच्यासाठीच. आणि त्या गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर सात महिन्यांत तिसऱ्यांदा बंद पडलेला!

गाडी चालवत होती त्यांची सून. वर्कशॉपमध्ये तिला नेहमीचेच उत्तर मिळाले.

‘‘मॅडम, कॉम्प्रेसर गेलाय. नवा टाकावा लागेल.’’

‘‘अहो, मार्चमध्येच तर नवा टाकला होता. बत्तीस हजारांचं बिल भरलंय मी. त्याला वर्षाची वॉरंटी आहे ना?’’

‘‘होती. पण मधे तुम्ही बाहेर गॅस भरून घेतलात. बाहेर हात लागला की वॉरंटी जाते.’’

एप्रिलमध्ये नाशिकला जाताना गारवा कमी वाटला, म्हणून सुरतेला एका एसी मिस्त्रीकडून तिने गॅस भरून घेतला होता. ही गोष्ट तिने स्वतःच प्रामाणिकपणे सांगितली होती. आता तोच प्रामाणिकपणा तिच्यावर उलटला होता.

अशी गाडी आणि असा संवाद पुष्कळ घरांना ओळखीचा वाटेल. कुठे क्लच प्लेट दर सहा महिन्यांनी जळते, कुठे अल्टरनेटर पुन्हापुन्हा जातो, कुठे हेड गॅसकेट बदलूनही गाडी तापतच राहते. प्रत्येक वेळी पार्ट नवा येतो, बिल नवे येते आणि बिघाड मात्र तोच राहतो.

वॉरंटी कशाची असते?

बहुतेक मालक वॉरंटीचे पुस्तक गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवतात आणि ते वाचतात गाडी बिघडल्यानंतर. त्यात दोन कलमे अशी असतात की, ती आधी वाचली तर पुढचा बराच मनस्ताप वाचेल. पहिले असे की, वॉरंटीच्या काळात फुकट बदललेल्या पार्टला सहसा स्वतंत्र, नवी मुदत मिळत नाही. मूळ गाडीची जेवढी मुदत उरली असेल तेवढीच त्या पार्टची मुदत. दुसरे असे की, पैसे मोजून विकत घेतलेल्या पार्टला त्याची स्वतःची मुदत मिळते. ती बहुधा महिने आणि किलोमीटर अशा दोन्ही हिशेबांत असते आणि जे आधी संपेल ते धरले जाते. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब यांसारख्या झिजणाऱ्या वस्तू बहुतेक वेळा वगळलेल्याच असतात, तर टायर आणि बॅटरीची जबाबदारी त्यांच्या-त्यांच्या कंपन्यांकडे असते.

या गाडीचे नेमके हेच झाले होते. तीन वर्षांची वॉरंटी असलेली ही गाडी नाशिकला घेतलेली. पावणेतीन वर्षांनी, ऑक्टोबरच्या उन्हात, पहिला कॉम्प्रेसर गेला. तो तिथल्या वर्कशॉपने फुकट बदलून दिला. मग यजमानांची बदली झाली आणि कुटुंब वडोदऱ्याला आले. मार्चमध्ये दुसरा कॉम्प्रेसर गेला तेव्हा तो जेमतेम पाच महिन्यांचा होता, पण गाडीची वॉरंटी जानेवारीतच संपलेली. ‘‘पार्ट नवा असला तरी गाडी जुनी,’’ असे म्हणून वडोदऱ्याच्या वर्कशॉपने बत्तीस हजारांचे बिल हातावर ठेवले. अप्पांचे हाल नकोत म्हणून यजमानांनी ते निमूट भरले.

तिसऱ्या वेळी मात्र सुनेने पर्स उघडली नाही.

खरा प्रश्न

शेजारच्या गल्लीत एसीची कामे करणारे एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी बॉनेट उघडलेही नाही. फक्त विचारले, ‘‘बेन, कंडेन्सर बदलला होता का?’’

तिने घरी येऊन तिन्ही वेळची कागदपत्रे जेवणाच्या टेबलावर पसरली. नाशिकचे जॉब कार्ड, वडोदऱ्याचे बिल, नवे एस्टिमेट. कंडेन्सरचे नाव एकाही कागदावर नव्हते.

मिस्त्रींच्या प्रश्नात सगळे मर्म होते. एसीचा कॉम्प्रेसर आतून घासून निकामी होतो तेव्हा त्यातून धातूचा बारीक चुरा सुटतो. हा चुरा गॅस आणि तेलाबरोबर सगळ्या नळ्यांतून फिरतो आणि मुख्यतः कंडेन्सरमध्ये, म्हणजे रेडिएटरच्या पुढे असणाऱ्या जाळीत, अडकून बसतो. हल्लीच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या अरुंद असतात की, त्या धुऊनही पुरत्या साफ होत नाहीत. अशा वेळी कंडेन्सर बदलावा लागतो, ओलावा शोषणारा ड्रायर बदलावा लागतो, व्हॅक्यूम करून बाकीची हवा काढावी लागते आणि तेल मोजून घालावे लागते. हे न करता नुसता नवा कॉम्प्रेसर बसवला, तर तो जुना चुरा गिळून काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तसाच बंद पडतो. कॉम्प्रेसर बनवणाऱ्या अनेक कंपन्या तर ड्रायर बदलल्याशिवाय आणि लाइन साफ केल्याशिवाय बसवलेल्या कॉम्प्रेसरची वॉरंटीच मानत नाहीत.

इतर पार्टांचेही असेच आहे. क्लच पुन्हापुन्हा जळत असेल, तर मागच्या ऑइल सीलमधून तेल गळून प्लेटवर येते का, फ्लायव्हीलवर चरे आहेत का, हे पाहिले पाहिजे. (आणि गाडी चालवणाऱ्याचा डावा पाय सदान्‌कदा क्लचवरच असतो का, हेही! येथे वर्कशॉपचा दोष नसतो.) अल्टरनेटर सारखा जात असेल, तर बॅटरी आणि अर्थिंग तपासले पाहिजे. हेड गॅसकेट टिकत नसेल, तर हेडचा पृष्ठभाग तापून वाकडा झालेला असू शकतो. तो घासून सपाट केल्याशिवाय दहा गॅसकेट टाकली तरी उपयोग नाही.

म्हणजे वर्कशॉपशी वाद घालायचा तो ‘पार्ट पुन्हा कसा गेला’ यावर नव्हे. ‘पार्ट का गेला हे शोधले होते का, आणि शोधले असेल तर कुठे लिहिले आहे’ हा खरा प्रश्न आहे. पार्टची वॉरंटी संपते. पण पैसे घेऊन केलेले काम अर्धवट असेल, तर ती सेवेतली त्रुटी ठरते आणि त्याबद्दल दाद मागता येते. ही वाट अधिकृत वर्कशॉपइतकीच कोपऱ्यावरच्या गॅरेजलाही लागू आहे, मात्र तिथले बिल हातात हवे. कच्च्या चिठ्ठीवर चारपाचशे रुपये वाचवणारे लोक नंतर त्याच चिठ्ठीकडे पाहून हळहळतात.

बाहेर हात लागला तर?

आता ‘बाहेर हात लागला की वॉरंटी जाते’ या वाक्याकडे वळू. हे वाक्य इतक्या ठामपणे सांगितले जाते की, ते कायद्यातलेच वाटते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला आणि त्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती आपल्याच साखळीत अडकवून ठेवल्याबद्दलचे ते प्रकरण होते. बाहेरच्या गॅरेजात काम केले एवढ्याच कारणाने वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे आयोगाने त्यात बजावले. या निकालावर पुढे अपिले झाली, पण त्यामागचा विचार साधा आणि सरळ आहे. सुरतेच्या मिस्त्रीने चुकीचे तेल घातले असेल, तर कॉम्प्रेसर खरोखरच जाऊ शकतो. मग ते तेल काढून तपासावे आणि तसे लिहून द्यावे. नुसते ‘वॉरंटी गेली’ म्हणून भागत नाही.

सुनेने तसेच केले. आपल्या हस्ताक्षरात एक पानभर पत्र लिहिले. तिन्ही वेळच्या तारखा, किलोमीटरचे आकडे, प्रत्येक वेळी बदललेला पार्ट आणि न बदललेला पार्ट. खाली दोन प्रश्न : कॉम्प्रेसर निकामी होण्याचे कारण काय? आणि मार्चमध्ये कंडेन्सर व ड्रायर का बदलले नाहीत? पत्राच्या प्रतीवर वर्कशॉपचा शिक्का आणि सही घेतली. कंपनीच्या ग्राहक विभागाला तेच पत्र ई-मेलने पाठवले आणि काढलेला कॉम्प्रेसर आपल्याला दाखवल्याशिवाय हलवू नये, असेही त्यात लिहिले. हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे. जुना पार्ट भंगारात गेला की, पुरावाच गेला.

‘‘अगं, कशाला एवढा खटाटोप? कोर्टकचेऱ्या आपल्याला झेपणार आहेत का?’’ यजमान म्हणाले.

‘‘अहो, अजून कोर्टात कुठे गेलेय? नुसतं विचारतेय,’’ ती म्हणाली.

पण जायची वेळ आलीच, तर वाट पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. १९८६ च्या कायद्यात तक्रार बहुधा जिथे दुकान किंवा व्यवहार तिथे करावी लागे. नव्या कायद्यात ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. बदल्यांच्या नोकरीतल्या कुटुंबांना याचे मोल विचारा! नाशिकच्या वर्कशॉपविरुद्धची तक्रारही वडोदऱ्याला नोंदवता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, ती विसरून चालत नाही. त्याआधीची पायरी म्हणजे १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तिथे निकाल लागत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवली जाते आणि पुष्कळदा तेवढ्यानेही काम होते.

मागणी कशाची करायची, हेही विचारपूर्वक ठरवावे. संतापाच्या भरात ‘मला नवी गाडीच द्या’ असे लिहिणारे ग्राहक बरेच असतात. पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने क्लचच्या दोषाबद्दलच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की, वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे वचन असेल, तर कंपनीवर बंधन तेवढेच, सबंध गाडी बदलून देण्याचे नव्हे. याउलट २०१० सालच्या दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाकडून गाडी तपासून घेण्यास सांगितले आणि मूळ उत्पादनातच दोष आढळला, तर गाडीची किंमत व्याजासह परत देण्याचा आदेश दिला. सगळा निकाल तज्ज्ञाच्या अहवालावर ठरतो. असा अहवाल मिळवणे खर्चाचे आणि वेळखाऊ असते. त्यामानाने काम अर्धवट केले, हे बिलांवरून दाखवणे सोपे.

आणि एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत एकच भाग जात असेल, विशेषतः ब्रेक किंवा स्टिअरिंगसारखा सुरक्षिततेचा, तर ती एकट्यादुकट्या मालकाची लढाई नाही. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांबाबत अशा तक्रारी सरकारकडे नोंदवता येतात आणि त्या ठरावीक संख्येवर गेल्या, तर कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा हुकूम होऊ शकतो. एसीचा कॉम्प्रेसर त्यात बसणे कठीण.

पत्राला आठ दिवस उत्तर आले नाही. मग तिने १९१५ ला फोन केला. चौथ्या दिवशी वर्कशॉपच्या मॅनेजरचा फोन आला. तेल तपासले, त्यात गैर काही आढळले नाही, धातूचा चुरा मात्र सापडला. कॉम्प्रेसर वॉरंटीत बदलून मिळेल, पण कंडेन्सर आणि ड्रायरचे पैसे तिने द्यावेत, असे त्याचे म्हणणे होते. दोन दिवस घासाघीस चालली. शेवटी पार्टांची निम्मी किंमत तिची, मजुरी वर्कशॉपची, असे ठरले. पूर्ण न्याय म्हणता येणार नाही हा. मार्चमध्येच कंडेन्सर बदलला असता, तर त्याचे पैसे तिलाच द्यावे लागले असते, हा मॅनेजरचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता.

गाडी घ्यायला गेली तेव्हा तिने नवे जॉब कार्ड उभ्या-उभ्या पूर्ण वाचले. ‘एसी चेक केला’ एवढेच लिहिले होते. तिने ते परत दिले आणि ‘तिसरा कॉम्प्रेसर, आत धातूचा चुरा आढळला, कंडेन्सर व ड्रायर नवे’ असे लिहून घेतल्यावरच किल्ली उचलली.

अप्पा आता मागच्या सीटवर डोळे मिटून बसतात. नाशिकच्या पहिल्या जॉब कार्डाची झेरॉक्स तिने फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवली आहे. त्या ऑक्टोबरला दोन वर्षे व्हायला अजून अवकाश आहे.