तलवार आली, नोंदवही कधी येणार?

१/
२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमधील सदबीजच्या लिलावात पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचा संस्थापक, बंगालपर्यंत धडक मारणारा सेनासाहेबसुभा, त्याची फिरंग मायभूमीत परतली. समाजमाध्यमांवर दिवाळी साजरी झाली.

२/
आनंद रास्तच होता. परंतु तो ज्या समजुतीवर उभा होता ती तपासून पाहण्याजोगी आहे. वस्तू परत आली म्हणजे इतिहास परत आला, अशी ती समजूत. तलवारीवर देवनागरीत सोन्याच्या अक्षरांनी रघुजींचे नाव आणि किताब कोरलेला होता, म्हणून ती ओळखता तरी आली. ती नागपूरबाहेर गेली कशी? १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर लुटीत गेली असावी, नजराणा म्हणून दिली गेली असावी, असे तर्क मांडले गेले. तर्कच. वाड्यातून लंडनपर्यंतच्या प्रवासाचा कागद हाती नसल्याने शासनाला लिलावाच्या दालनात इतर ग्राहकांपैकी एक ग्राहक म्हणून उभे राहावे लागले.

३/
म्हणून हा थ्रेड तलवारीविषयी नाही. सार्वजनिक संग्रह घडतो कसा, टिकतो कसा आणि उधळला कसा जातो, याविषयी आहे. उदाहरणासाठी लंडनला जाण्याचे कारण नाही. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच लोकांच्या तोंडचा ‘अजब बंगला’, पुरेसा आहे.

४/
प्रथम पार्श्वभूमी. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. राजवाड्यातील चीजवस्तू सरकारजमा झाली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत मातीमोल किमतीला विकले गेले. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला रवाना झाले. एका राजघराण्याने सव्वाशे वर्षांत जमवलेला ठेवा थोड्या काळात पांगला. त्याच राजवटीने, अवघ्या नऊ-दहा वर्षांनी, त्याच शहरात संग्रहालय काढले. ही विसंगती त्या काळी फारशी कोणाला बोचलेली दिसत नाही.

५/
१८६३ साली संग्रहालय स्थापन झाले ते मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या पुढाकाराने. त्यामागे आणखी एक नाव आहे : स्टीफन हिस्लॉप. १८४५ मध्ये नागपुरात आलेला हा स्कॉटिश मिशनरी शाळा चालवी, गोंड समाजाच्या भाषा व चालीरीती टिपून ठेवी आणि सवड मिळताच हातोडा घेऊन खडक फोडत फिरे. टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो नाल्याच्या पुरात बुडाला. त्याचे मानववंशविषयक कागद टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून छापले.

६/
मात्र हिस्लॉपने वेचलेले महत्त्वाचे जीवाश्म नागपुरात पाहायला मिळतील, अशी अपेक्षा कोणी धरू नये. चांद्याकडील मांगली येथे मिळालेली प्राचीन उभयचराची कवटी लंडनला गेली आणि १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. म्हणजे संग्रहालयाची वीट रचण्याआधीच विदर्भाच्या भूमीतील पहिल्या प्रतीचा ऐवज बाहेर जाऊ लागला होता.

७/
काटोल रस्त्यावरील जुनापाणीच्या शिलावर्तुळांची गत तीच. १८६० च्या दशकात रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने ती खणली. लोखंडी कुऱ्हाडी, घोड्यांचे साज आदी वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचल्या. विदर्भाच्या लोहयुगाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला पुढची शंभर वर्षे लंडनच्या पेट्यांची वाट धरावी लागली.

८/
इथपर्यंतची कथा वाचकांच्या परिचयाची आहे. गोऱ्यांनी नेले, आपण गमावले. यापुढची कथा अधिक अडचणीची आहे.

९/
१८७० साली बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया गावी गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीत धातूचा तुकडा दिसला. खणल्यावर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. बहुतेक चपट्या कुऱ्हाडी, लांब पहारींसारखी अवजारे. चांदीत वर्तुळाकार चकत्या आणि बैलाच्या मुखासारखे, शिंगे खाली वळलेले आकार. भारतीय उपखंडात एका जागी सापडलेल्या ताम्रनिधींत याची बरोबरी करणारा दुसरा नाही.

१०/
या निधीचे काय झाले? तो वाटला गेला. काही भाग नागपूरला, काही कलकत्त्याला, काही लंडनला. वाटणाऱ्यांच्या दृष्टीने यात गैर काही नव्हते. कुऱ्हाडीसारखी कुऱ्हाड, दहा ठेवल्या आणि दहा दिल्या तर बिघडले काय? त्यांच्या कारभारात यासाठी एक शब्द रूढ होता, ‘डुप्लिकेट’. एकाच प्रकारची दुसरी वस्तू ही जादा वस्तू, आणि जादा वस्तू देण्याघेण्यास मोकळी.

११/
संग्रहालयांच्या इतिहासात लुटीपेक्षा या एका शब्दाने अधिक नुकसान केले आहे. निधी म्हणजे सुट्या वस्तूंची रास नव्हे. कोणत्या आकाराच्या किती, वजने कशी, चांदी तांब्याच्या वर होती की खाली, सगळ्या कुऱ्हाडी एकाच ओतकामाच्या की वेगवेगळ्या, या साऱ्यातून तो कोणी, केव्हा आणि कशासाठी पुरला याचा अंदाज बांधता येतो. व्यापाऱ्याचा साठा, कारागिराचे भांडवल की देवाला वाहिलेले दान? निधी फोडला की हा प्रश्न विचारण्याची सोयच उरत नाही. उरतात त्या चार शहरांतील काचपेट्यांतल्या सुंदर कुऱ्हाडी.

१२/
१८७८ मध्ये निखात निधी कायदा झाला. दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ऐवज सापडला तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला कळवावे; मालक पुढे आला नाही तर सरकारला तो घेता येईल. मोबदला किती? धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. कायद्याच्या लेखी पुरावस्तूचे मोल म्हणजे वितळवल्यावर येणारे मोल, वर वीस टक्के. शेतात हंडा लागलेल्या शेतकऱ्याने सोनाराकडे जावे की तहसीलदाराकडे, याचा हिशेब या कलमानेच करून ठेवला होता.

१३/
तरीही याच कायद्यामुळे नागपूरच्या संग्रहालयाचा नाणेसंग्रह वाढला, हेही मान्य केले पाहिजे. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील, मंगरूळ तालुक्यातील तऱ्हाळा येथे दीड हजारांहून अधिक सातवाहन नाणी निघाली. पोटीनची, म्हणजे तांब्या-शिशाच्या हलक्या मिश्रणाची, झिजलेली, काळवंडलेली. सोनाराच्या तराजूत त्यांना शून्य किंमत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती एकेक करून वाचली आणि १९४० मध्ये प्रसिद्ध केली. त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी हे पुराणांच्या याद्यांत नसलेले राजे इतिहासात आले. एकाच राजाची शेकडो नाणी ‘डुप्लिकेट’ म्हणून आधीच बाजूला काढली असती, तर त्या घोळक्यात दडलेली ही तीन नावे कोणाच्या ध्यानात आली असती?

१४/
उलट उदाहरण नागपुरातच आहे. संग्रहालयातील माळव्याच्या परमारांची प्रशस्ती, विक्रम संवत ११६१, म्हणजे इ.स. ११०४-०५. नरवर्म्याच्या काळातील हा लेख राजा भोजापर्यंतची आणि पुढची वंशावळ गातो व लक्ष्मदेवाने व्यापुर मंडलातील दोन गावे दान दिल्याचे सांगतो. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० च्या दशकातच त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले, पुढे कीलहॉर्नने तो ‘एपिग्राफिया इंडिका’त संपादला. मजकूर पक्का आहे, अक्षरे सुवाच्य आहेत. शिळेचे मूळ स्थान मात्र निर्विवाद नाही.

१५/
हा तपशील किरकोळ वाटतो का? शिळा विदर्भातच उभारली गेली असेल तर व्यापुर मंडल इथेच शोधावे लागते आणि परमारांच्या सत्तेची दक्षिण सीमा त्यानुसार आखावी लागते. ती दुसरीकडून आणली गेली असेल तर नकाशा बदलतो. बाराव्या शतकातील कवीने आपले काम चोख केले. ज्या कोणी पुढे ती शिळा उचलून आणली, त्याने “अमुक गावाहून आणली” एवढे तीन शब्द लिहून ठेवले नाहीत, आणि दोन पिढ्यांचे संशोधक स्थलनिश्चितीत गुंतले.

१६/
आता सर्वांत अप्रिय मुद्दा. “ज्या भूमीतली वस्तू, त्या भूमीत परत” ही घोषणा लंडनकडे तोंड करून देणे सोपे आहे. नागपूरचे संग्रहालय मध्य प्रांताच्या राजधानीचे संग्रहालय म्हणून वाढले. जबलपूर, बालाघाट, छत्तीसगडपर्यंतचा मुलूख त्याच्या कक्षेत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी गेली, प्रांत तुटला. गुंगेरिया आज मध्य प्रदेशात आहे. उद्या बालाघाटच्या तरुणांनी नागपूरच्या दारात हीच घोषणा दिली तर?

१७/
त्यांना एकच सन्माननीय उत्तर देता येईल. “हा पाहा आमच्याकडील प्रत्येक वस्तूचा दाखल क्रमांक, ती केव्हा आली, कोणाकडून आली, कोणत्या अटीवर आली, तिच्यासोबतच्या बाकी वस्तू कोठे आहेत, आणि हे सारे कोणालाही घरबसल्या पाहता येते.” असे संग्रहालय विश्वस्त ठरते. हे सांगता न येणाऱ्या संग्रहालयाचा वस्तूंवरील दावा ‘त्या आमच्या ताब्यात आहेत’ एवढाच उरतो, आणि तो दावा तर ब्रिटिश म्युझियमचाही आहे.

१८/
दाखल नोंदवही ही कारकुनी बाब मानली जाते. प्रत्यक्षात संग्रहाचा कणा तीच असते. वस्तू दारात आली की क्रमांक. तो क्रमांक वस्तूवर, पेटीवर आणि वहीत एकच. मग मोजमाप, वजन, छायाचित्र, स्थिती. साठवणगृहात कोणत्या कपाटात, दालनात कोणत्या पेटीत. प्रदर्शनासाठी बाहेर गेली तर केव्हा, कोणाच्या सहीने, परत आली तेव्हा कशी होती. ठरावीक मुदतीने वहीशी पडताळणी. चित्रांच्या दालनात तर चित्रकाराचे नाव, देणगीदाराचे पत्र आणि चौकटीमागची जुनी चिठ्ठी हेसुद्धा संग्रहच. चौकट बदलताना ती चिठ्ठी केरात गेली की चित्राचे निम्मे चरित्र गेले.

१९/
भारताच्या महालेखापरीक्षकांचा २०१३ चा स्मारके व पुरावस्तूंवरील अहवाल चाळला तर देशातील नामांकित संग्रहालयांच्या नोंदी आणि पडताळणीवरचे ताशेरे जागोजाग आढळतात. म्हणजे दुखणे एका शहराचे नाही.

२०/
यावर नेहमीचे दोन आक्षेप. पहिला : यादी उघड केली तर चोरांचे फावेल. अनुभव उलटा आहे. १९६१ मध्ये नालंदाच्या संग्रहालयातून चौदा कांस्यमूर्ती चोरीस गेल्या. त्यातली एक बुद्धमूर्ती २०१८ मध्ये युरोपातील कलाबाजारात दिसली आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला लंडन पोलिसांनी ती भारताच्या स्वाधीन केली. ओळख पटली ती चोरीपूर्वीच्या छायाचित्रांमुळे. ना लिलाव, ना बोली, ना ४७ लाख. जी वस्तू वहीत नाही तिची चोरी झाली हे सिद्ध तरी कसे करायचे? चोराला अंधारे कोठार सोयीचे असते.

२१/
दुसरा आक्षेप : मनुष्यबळ नाही, निधी नाही. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत व वऱ्हाडातील शिलालेखांची वर्णनात्मक सूची १९१६ मध्ये छापली आणि १९३२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती काढली. संगणक नव्हता, स्कॅनर नव्हता. प्रांत आजच्या तीन राज्यांत पसरलेला होता. हाताशी होते ते ठसे, टाक आणि चिकाटी. एका तलवारीच्या खर्चात किती वस्तूंची छायाचित्रे व नोंदी होतील, याचा हिशेब अर्थखात्याने एकदा मांडून पाहावा. (तलवार घेऊ नये असे नाही. तीच तेवढी घेऊ नये.)

२२/
‘अजब बंगला’ हे नाव लोकांनी प्रेमाने ठेवले आणि त्यात एक निदानही दडले आहे. अजब वस्तू पाहून थक्क व्हायचे असते, तिला प्रश्न विचारायचे नसतात. इतिहासप्रेमी तरुणांनी आता तो विस्मय पुरे करावा. नवे दालन, नवी रोषणाई, नवा पुतळा यांच्या मागण्या करणारे पुष्कळ आहेत; नोंदवही मागणारा क्वचितच कोणी भेटतो.

२३/
ती मागण्यासाठी आंदोलन लागत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक कार्यालयांनी आपले अभिलेख सूचीबद्ध करून शक्य तितकी माहिती आपणहून प्रसिद्ध करायची आहे. शासकीय संग्रहालय त्याला अपवाद नाही. अर्ज साध्या कागदावर, शुल्क दहा रुपये. सुरुवात गुंगेरियापासून करावी : नागपुरात असलेल्या प्रत्येक कुऱ्हाडीचा आणि चांदीच्या प्रत्येक पत्र्याचा दाखल क्रमांक, वजन, छायाचित्र, आणि जे बाहेर दिले गेले ते कोणाला, कोणत्या साली, कोणाच्या आदेशाने. नंतर तऱ्हाळ्याची नाणी. नंतर, मुंबईत उतरलेल्या त्या फिरंगेचा दाखल क्रमांक.