उंची खुंटते, तेव्हा जठराचाही विचार व्हावा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने (२०१९-२१) देशापुढे दोन आकडे ठेवले. पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. आधीच्या फेरीत हे प्रमाण ३८.४ टक्के होते. सुधारणा आहे, परंतु मंद. दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे. ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांतील रक्तक्षय ५८.६ टक्क्यांवरून ६७.१ टक्क्यांवर गेला. बोटातून रक्त घेण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले असले, तरी लोहाचे औषध वाटूनही रक्त का वाढत नाही, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा ताटात शोधले जाते आणि दोष आईच्या पदरी पडतो. मात्र अन्न पोटात गेले म्हणजे ते अंगी लागलेच, असे नव्हे.

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरात राहणारा जिवाणू बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये वेगळा केला. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. प्रौढांतील व्रण आणि कर्करोगाशी त्याचे नाते सर्वश्रुत आहे. त्याचा शिरकाव मात्र बालपणीच होतो, तोही बहुतेकदा घरातल्याच माणसांकडून. दाटीची वस्ती आणि अस्वच्छ पाणी ही त्याची सोय.

हा जिवाणू युरिएज या विकराच्या साहाय्याने अमोनिया निर्माण करतो आणि आम्लात तग धरतो. संसर्गाच्या प्रारंभी जठरातील आम्ल काही काळ घटू शकते. हे आम्ल म्हणजे शरीराचे द्वारपाल: ते इतर रोगजंतूंना अडवते आणि अन्नातील लोह शोषण्याजोगे करते. द्वारपालच दुबळा झाला, तर अतिसार वाढण्याचा आणि लोह वाया जाण्याचा धोका संभवतो.

तर्क सुसंगत आहे. पुरावा मात्र एकमुखी नाही. कोलंबियातील अँडीज पर्वतभागात जिवाणू नाहीसा झालेल्या मुलांची उंची अधिक चांगली वाढल्याचे आढळले. याउलट बांगलादेशातील लहान मुलांवरील चाचणीत जिवाणूवर उपचार केल्याने लोहाच्या औषधाचा गुण वाढला नाही. म्हणूनच प्रत्येक खुज्या मुलाला प्रतिजैविके देणे हा विज्ञानाचा नव्हे, उतावळेपणाचा मार्ग ठरेल. या उपचारात आम्लरोधकासोबत किमान दोन प्रतिजैविके साधारण १४ दिवस घ्यावी लागतात. घरात पुन्हा संसर्ग होण्याची शक्यता राहते. क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या या जिवाणूचा जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्येच चिंताजनक जिवाणूंच्या यादीत समावेश केला होता.

याचा अर्थ हात बांधून बसावे, असा नाही. लोहाचा पूर्ण उपचार होऊनही ज्या बालकाचा रक्तक्षय हटत नाही आणि इतर कारणे सापडत नाहीत, त्याच्या बाबतीत या संसर्गाचा शोध घेण्यास बालरोगतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे मुभा देतात. अशा बालकाला अंगणवाडीतून पुन्हा तीच बाटली देऊन परत पाठवणे अन्यायाचे आहे. त्याला जिल्हा रुग्णालयापर्यंत नेणारी वाट आणि तेथे योग्य तपासणी, एवढे तरी सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने द्यायला हवे.

दुसरी गरज स्वदेशी पुराव्याची आहे. आठ देशांतील बालकांच्या आतड्यांचे संसर्ग आणि वाढ यांचा मागोवा घेणाऱ्या माल-एड अभ्यासात वेल्लोरचा सहभाग होता. अतिसार नसतानाही काही जंतू वाढीला खीळ घालतात, हे त्यातून पुढे आले. म्हणजे क्षमता देशात आहे. भारतीय बालकांत जठरातील संसर्ग उंचीवर किती परिणाम करतो, हे मोठ्या आणि दीर्घकाळ चालणाऱ्या चाचणीनेच ठरेल.

तिसरी गोष्ट पाण्याची. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथील मोठ्या चाचण्यांत साधे शौचालय, हात धुणे आणि पाण्याचे निर्जंतुकीकरण एवढ्याने उंची वाढली नाही. याचा निष्कर्ष स्वच्छता निरर्थक आहे असा नसून, अर्धवट स्वच्छता अपुरी आहे असा घ्यायला हवा.

पोषण अभियान बालकाचे वजन आणि उंची मोजते. जे पोटात जाते ते अंगी का लागत नाही, हेही त्याने विचारायला हवे. बालपणाची पहिली वर्षे पुराव्याची वाट पाहत थांबत नाहीत.